बंद कंपनीची वॅगन

"नवरा गेला, तेव्हापासून गाडी नुसती उभीच असते," ती म्हणाली. अशा वेळी माणसं जे करतात तेच त्याने केलं. मान थोडी खाली घातली, आवाज उतरवला आणि "फार वाईट झालं," असं पुटपुटला. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि मग एकदम हसत सुटली. "मेला नाही हो, गेला! दुसरीकडे. दुसरीबरोबर." इमारतीच्या पोटातल्या त्या थंडगार पार्किंगमध्ये तिचं हसणं खांबाखांबांवर आपटून परत आलं. हसता हसता तिचा हात तोंडाकडे गेला, पण पोचायला त्याला जरासा उशीर झाला, आणि तेवढ्यात तिचे वरचे दात त्याला दिसले. उजवीकडे, सुळ्याच्या अलीकडचा दात शेजारच्या मोठ्या दातावर किंचित चढलेला. दाराच्या फटीतून कोणी खांदा पुढे काढून बघावं तसा. त्याच्या हातातली गाडीची किल्ली खाली पडली. तो दात त्याने स्वतः केला होता.

किल्ली उचलायला वाकला तो गरजेपेक्षा जास्त वेळ खालीच राहिला. गाडीखालचा तेलाचा जुना डाग बघत असल्यासारखं त्याने केलं. "तेल गळत नाही," वरून तिचा आवाज आला. "तो डाग शेजारच्यांच्या गाडीचा." तो "हो हो" म्हणाला. आपलं काय झालंय ते त्याचं त्यालाच नीट कळत नव्हतं. उभी हयात तो कवळ्या करत आला होता. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन डब्यातून पाठवत, तो त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढी, साच्यावर मेण चढवी, मेणात एकेक दात बसवी, मेण जाऊन त्या जागी गुलाबी हिरडी येई, आणि पॉलिश झालेली कवळी पुन्हा डब्यातून डॉक्टरकडे जाई. तिथून पुढे तिचं काय होई ते त्याला ठाऊक नसे. त्याच्या दातांनी लोक जेवत असतील, भांडत असतील, रागाने ते एकमेकांवर दाबत असतील, कोणाच्या तरी गालावर टेकवत असतील. त्याच्या ओळखीचे होते ते जबडे. चेहरा त्याने एकाचाही प्रत्यक्ष पाहिला नव्हता. बसमध्ये, दुकानात, लिफ्टमध्ये तो माणसांच्या तोंडांकडे चोरून बघे आणि ही खोटी, ही खरी, ही कुणीतरी घाईत उरकलेली, असं मनातल्या मनात ठरवी. पण आपली स्वतःची कवळी जिवंत तोंडात, ओली, उजेडात हसताना त्याला कधीच भेटली नव्हती. आणि आता ती इथे भेटली होती. सेकंडहँड गाडी बघायला आल्यावर, अनोळखी बाईच्या तोंडात.

गाडी घ्यायची हे त्याने जेमतेम महिन्यापूर्वी ठरवलं होतं, आणि त्याचं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. रोजच्या बसने तो लॅबवरून घरी चालला होता. शेजारी बसलेला माणूस, त्याच्याहून तरुण, अंगाला रंगाचा वास येणारा, बहुतेक रंगारीच, पेंगता पेंगता त्याच्या खांद्यावर कलंडला आणि गाढ झोपला. आधी तो अवघडला. मग त्याने खांदा जरा खाली केला, म्हणजे त्या डोक्याला नीट टेकता यावं. त्याचा थांबा आला नि गेला. पुढचा आला, गेला. तो शेवटच्या थांब्यापर्यंत तसाच बसून राहिला, त्या माणसाच्या श्वासाच्या लयीत आपला श्वास मिसळत. बस रिकामी झाली तेव्हा तो माणूस दचकून उठला, तोंड पुसलं आणि त्याच्याकडे न बघता उतरून गेला. परतीची बस येईपर्यंत तो अंधारात उभा होता. खांद्याला अजून ऊब होती. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढल्यावर आपण तो रंगारी कुठे दिसतोय का ते शोधतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःची भीती वाटली. बसच नको. चार दारं असलेली, आतून बंद करता येणारी एखादी वस्तू घ्यावी. बाकी प्लॅस्टरच्या गोण्या, साच्यांचे डबे ही लोकांना सांगायची कारणं होती.

ताईला त्याने तेवढंच सांगितलं. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, दूरच्या शहरात नातवंडांच्या गराड्यात राहणारी. ती दर रविवारी फोन करी आणि त्याला अजून ठोंब्या म्हणत असे. "ठोंब्या, अरे गाडी घे, पण ही कसली? त्या कंपनीला टाळं लागून किती वर्षं झाली! त्यांच्या गाड्या आता चित्रातसुद्धा दिसत नाहीत. आणि एकट्या जिवाला एवढी लांब शेपटीची गाडी हवीय कशाला? आत काय क्रिकेटचा संघ बसवणार आहेस?" तो हसला. ताईच्या बोलण्यावर हसणं हे त्याचं रविवारचं काम होतं. लग्नाचं त्याचं राहूनच गेलं होतं. कोणी नकार दिला नाही, कोणी फसवलं नाही, नुसतं राहून गेलं. बाहेर पडताना कोपऱ्यात छत्री राहून जावी तसं. ताईने काही वर्षं खटपट केली, मग तिलाही मुलं झाली, त्यांच्या शाळा, त्यांची लग्नं, आणि तिच्याही हातून ते निसटलं. आता ती फक्त जेवलास का विचारायची.

"चालवून बघणार ना?" बाईने विचारलं. तिला मनातल्या मनात काय म्हणावं हेही त्याला उमगेना. ताई म्हणणं बरोबर झालं असतं. वयाने ती त्याच्याहून दोन-चार वर्षांनी मोठीच असावी, केस आखूड कापलेले, निम्मे पिकलेले, खांदे मात्र रुंद आणि ताठ. पण जिच्या टाळूचा खोलगटपणा आपल्या अंगठ्याला पाठ आहे तिला ताई कसं म्हणायचं? मॅडम तर त्याहून वाईट. त्याने काहीच न म्हणता दार उघडलं. वॅगन तशी छोटीच होती, नाकावर कंपनीचं चिन्ह झिजून नुसता एक चकचकीत गोल उरलेला; पण मागची सीट आडवी केली की पाठ थेट डिकीपर्यंत सपाट होई आणि आत एक खोलीच तयार होई. तिथे ओल्या टॉवेलांचा आणि क्लोरीनचा वास मुरलेला होता. ती पोहायला शिकवायची. मुलांना, म्हाताऱ्यांना, पाण्याला घाबरणाऱ्या सगळ्यांना. डिकीत तरंगायच्या फळ्या असायच्या, कधीकधी मागे दाटीवाटीने बसलेली सहा-सात ओली मुलं. "ही आम्ही शोरूममधून कोरी घेतली," ती शेजारी बसत म्हणाली. "मग कंपनीच बुडाली. नवऱ्याने ते फार मनाला लावून घेतलं. त्याला वाटायचं, सगळं जग मुद्दाम आपल्याच मागे लागतं."

कवळ्यांच्या कामाला लागण्याआधी, ऐन तारुण्यात, तो औषधाच्या कंपनीची व्हॅन चालवत असे. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नव्हता. गाडी पार्किंगच्या चढावरून उजेडात आली तेव्हा तो एखाद्या परीक्षेला बसल्यासारखा घामेजला. चौकात तो समोर बघत होता, पण ऐकत होता शेजारचं. तिचे स, तिचे च, जिभेचं टोक दातांमागे कुठे टेकतं, हवा कुठून जाते. सगळं चोख होतं. कुठेही शीळ नाही, कुठेही कवळी हलत नाही. एवढं बरं आपल्या हातून झालं होतं, आणि ते आपल्याला इतक्या वर्षांनी, दुसऱ्या गिअरमध्ये, कळतंय.

"अहो, ब्रेक!" ती ओरडली.

त्याने ब्रेक दाबला. समोरून सायकलवाला शिव्या देत निघून गेला. पण तो हादरला होता तो सायकलीमुळे नाही. त्याला अशा आवाजात कुणी अहो म्हटलं नव्हतं. दुकानदार म्हणतात, पोस्टमन म्हणतो, तसं नाही. एकाच गाडीत शेजारी बसलेल्या बाईने, जीव मुठीत धरून. "सॉरी," ती म्हणाली आणि स्वतःच हसू लागली, "सवयीने पाय दाबला मीही. इथे ब्रेकच नाही." हात तोंडावर. या खेपेस वेळेवर.

त्या रात्री त्याला झोप आली नाही असं नाही, आली. पण पहाटे उठून तो लॅबवर गेला आणि कामाला न बसता नुसता बसून राहिला. त्याला तो फोटो आठवत होता. मापाबरोबर डॉक्टरांनी पाठवलेला, जुना, कडा दुमडलेला. तलावाच्या काठावर उभी एक तरुण मुलगी, डोक्याला निळी टोपी, चेहऱ्यावरून पाणी निथळतंय, आणि ती फोटोच्या चौकटीबाहेरच्या कशाकडे तरी बघून पोट धरून हसतेय. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "तलावाच्या कठड्यावर तोंड आपटलं, वरचे सगळे काढावे लागले. बाई हट्टी आहे, म्हणते पूर्वी होते तसेच पाहिजेत. तू आपला सरळ रांगेत बसव, छान दिसेल. फोटो नुसता असू दे." पण त्याने फोटो मेण वितळवायच्या दिव्याला टेकवून ठेवला आणि दात तसेच केले. तो चढलेला दात त्याने कितीदा तरी बसवला आणि काढला. एका बाजूने बघितलं की खोडकर वाटे, दुसऱ्या बाजूने नुसताच वाकडा. शेवटी एकदा बसला. ते सगळे दिवस ती मुलगी दिव्यापलीकडून हसत होती, आणि ती कशाला हसतेय हे ओळखण्याचा त्याला नाद लागला होता. कुत्रं पाण्यात पडलं असेल? कुणाची चड्डी निसटली असेल? काम संपल्यावर फोटो डब्यातून परत गेला. दिव्याजवळची जागा फार रिकामी दिसू लागली म्हणून त्याने तिथे ब्रशांचा एक डबा ठेवला होता.

दुसऱ्यांदा तो मेकॅनिकला घेऊन गेला. मेकॅनिकने बॉनेटमध्ये डोकं खुपसलं, इंजिन ऐकलं, गाडीखाली आडवा झाला आणि कपडे झटकत उठला. "इंजिन ठणठणीत आहे. बायकांनी चालवलेली गाडी, ओढाताण नाही. पण साहेब, एक सांगतो. हिचे पार्ट आता बनत नाहीत. काही गेलं की दुसरी मेलेली हुडकायची आणि तिचं काढून हिला लावायचं." बाई जिन्याजवळ उभी राहून ऐकत होती. "आमच्याकडे एक जण येऊन गेला," ती म्हणाली. "त्याला गाडी पूर्ण नकोच आहे. कापायला हवीय. दारं, काचा, दिवे सुटे काढून विकणार." तिने गाडीच्या टपावर हात ठेवला, घोड्याच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि तिला ते लक्षात आल्यावर उचलला. "तुम्ही काय ते लवकर सांगा. महिनाअखेर मला निघायचंय. आईकडे. ती आता एकटी राहू शकत नाही, आणि मी इथे राहून करू तरी काय?"

त्याने तिथल्या तिथे हो म्हणायला हवं होतं. गाडी पसंत होती, मेकॅनिकला घाई होती. पण हो म्हटलं की कागद होतील, किल्ली हातात येईल आणि या पार्किंगचा, त्या जिन्याचा, वर तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या घराचा संबंध संपेल, हे त्याला इतकं लख्ख दिसलं की तो म्हणाला, "डिकी एकदा मोजून बघतो. माझे डबे मावतात का." आणि तो तिसऱ्यांदा गेला, टेप घेऊन. तिने चहा केला. घर अर्धं खोक्यांत गेलेलं होतं. भिंतीवर चित्रं काढून घेतल्याचे फिके चौकोन, स्वयंपाकघरात दोन कप, एक पातेलं, एक चमचा. ते दोघं खोक्यांवर बसून चहा प्यायले. ती आपल्या शिष्यांच्या गोष्टी सांगत होती. एका निवृत्त न्यायाधीशाला शिकवलं, तो पाण्यात उतरण्याआधी रोज तलावाची खोली विचारायचा, जणू रात्रीतून कोणी ती वाढवली असेल. तो ऐकत होता, हसत होता, आणि हसताना त्याची नजर पुन्हा पुन्हा तिच्या तोंडाशी जात होती आणि तिथून चोरासारखी परत येत होती. ते तिला कळत होतं असं त्याला एकदा वाटलं. तिने मध्येच केसांवरून हात फिरवला. तिच्या गालांवर थोडा रंग आला. मग त्याला वाटलं, आपण सांगून टाकावं. वाक्य तयार होतं. पण ते वाक्य उच्चारलं की ती तोंड मिटून घेईल, ही गोष्ट अर्धी राहील, न्यायाधीश पाण्यात पाय घालून तसाच उभा राहील. त्याने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. चौथ्यांदा गेला तेव्हा पुन्हा टेप काढली. ती दारात उभी राहून म्हणाली, "परवा मोजली होतीत ना?"

"हो."

"मग? एवढ्यात आखडली का?"

तो ओशाळला. तिने त्याला आत घेतलं, आणि या खेपेस पातेलंही खोक्यात गेलेलं असल्याने ते नळाचं पाणी प्यायले. गाडी घेतो, असं तो म्हणाला. ती म्हणाली, "बरं झालं. कापायला देताना मला झोप लागली नसती." मग तिने विचारलं, फार सहज विचारल्यासारखं, की कागद त्याच्या नावावर ज्या दिवशी होतील त्याच दिवशी तिची रेल्वेगाडी आहे, सामान बरंच आहे, तर तो तिला स्टेशनवर सोडेल का? "म्हणजे पहिली सवारी माझी," ती म्हणाली.

तो दिवस राखाडी होता. दोन मोठ्या बॅगा, गुंडाळलेली सतरंजी, खोकी, एक टेबललॅम्प. सगळं मागे गेलं आणि वॅगन पाठीपर्यंत भरली. तिने घराचं कुलूप लावलं, किल्ली खालच्या मजल्यावर कुणाकडे तरी दिली आणि येऊन शेजारी बसली, आता पाहुणीसारखी, पिशवी मांडीवर धरून. या खेपेस तो गाडी बरी चालवत होता. पुलाच्या तोंडाशी गाड्या तुंबल्या होत्या. वेळ भरपूर होता. त्याने मुद्दामच तिला लवकर निघायला लावलं होतं. "आई काय म्हणाली माहितीये?" ती म्हणाली. "म्हणाली, ये, पण मला पोहायला शिकवू नकोस. ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला वाटतं मी तिला टबमध्ये ढकलणार." ती हसली आणि तिचा हात वर गेला.

"हात का ठेवता?" तो म्हणाला. ते त्याच्या तोंडून निघूनच गेलं.

"सवय." थोड्या वेळाने ती म्हणाली, "वरचे माझे नाहीत ते. पडले होते मी. तुमच्या लक्षात आलं नसेल."

"आलं."

"कसं?"

पुढची गाडी हातभर सरकली. तोही हातभर सरकला. "मी केलेत ते," तो म्हणाला. "कवळ्या करतो मी. डॉक्टरांनी तुमचा फोटो दिला होता. निळी टोपी होती डोक्यावर."

तिने समोरची, ऊन अडवायची झडप खाली ओढली. तिच्या आत छोटा आरसा होता. ओठ वर करून ती त्यात बघत राहिली, एखाद्याच्या घरी येऊन भिंतीवरची वस्तू निरखावी तशी. बोटाने तिने तो चढलेला दात चाचपला. "मला वाटायचं डॉक्टरांनीच केले," ती म्हणाली. "नवरा म्हणाला होता, सरळ करून घ्यायची एवढी संधी आली होती, तीही घालवलीस." तिने झडप वर केली. मागचा कोणीतरी हॉर्न वाजवत होता, उगाच, कारण पुढे जागाच नव्हती.

"एक विचारू?" तो म्हणाला. आता सगळं सांगून झालं होतं आणि त्याला विलक्षण हलकं वाटत होतं. त्या हलकेपणात त्याला आजूबाजूचं भान राहिलं नाही. "त्या फोटोत तुम्ही कशाला हसत होतात? मी फार विचार केला होता तेव्हा."

"एक जाडा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बुडालो, बुडालो म्हणून ओरडत होता."

तो मोठ्याने हसला. ती हसली नाही.

"पुढे त्याच्याशीच लग्न केलं मी," ती म्हणाली.

पूल संपला. रस्ता मोकळा झाला. उजवीकडे बंद गोदामांची रांग जात होती, दारांवर गंजलेल्या कड्या, आणि त्याला वाटलं की आता काहीतरी बोलायला हवं, पण जे सुचत होतं ते सगळं दातांविषयी होतं. तीच बोलली. खिडकीबाहेर बघत, आवाज न चढवता.

"मग एवढे दिवस तुम्ही माझ्याकडे बघत होतात, की दातांकडे?"

त्याने खोटं बोलायचं ठरवलं आणि मग ठरवलेलं मोडलं. "आधी दातांकडे," तो म्हणाला. "नंतर तुमच्याकडे."

"नंतर म्हणजे कधी?"

"चहा घेतला तेव्हा. न्यायाधीश. तेव्हापासून."

"तेव्हा तरी सांगायचंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासमोर हसला नसतात."

"ते मी ठरवलं असतं," ती म्हणाली. आणि मग, जरा वेळाने, अगदी हळू, "मी तुमच्यासाठी साडी बदलली होती त्या दिवशी. चौथ्यांदा येणार म्हणालात तेव्हा. वाटलं, हा माणूस डिकी मोजायला काही येत नाही."

स्टेशन आलं. त्याने गाडी कडेला घेतली. सामान उतरवताना दोघंही फार बोलले, हे आधी घ्या, ते मी धरते, लॅम्पची काच सांभाळा, आणि ते बोलणं म्हणजे नुसता आवाज होता. हमालाने ढकलगाडी आणली. फलाटावर तिची गाडी आधीच लागलेली होती. तो डब्याच्या दारापर्यंत गेला. तिने हात पुढे केला, आणि त्याने तो धरला. तिचा तळवा मोठा आणि कोरडा होता, पाण्यात वर्षानुवर्षं लोकांना उचलून धरलेला. "गाडीचं काही लागलं तर फोन करा," ती म्हणाली. "तिच्या खोडी मला माहीत आहेत." तो हो म्हणाला. तिची जागा पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी होती. फलाटावरून ती दिसली नाही. गाडी हलली तेव्हा त्याने कुठल्यातरी भलत्याच खिडकीकडे हात केला, आणि तिथल्या अनोळखी बाईने गोंधळून त्यालाही हात केला.

नंतरचे दिवस सुरळीत गेले. तो वॅगनने लॅबवर जाई, वॅगनने परत येई. डबे मावत होते, गोण्या मावत होत्या, तरी मागे एवढी जागा उरे की वळणावर एखादा डबा एकटाच या भिंतीवरून त्या भिंतीवर घरंगळत जाई. दारं आतून बंद होत. खांद्याला खांदा लागत नसे. हे त्याला हवं होतं आणि हे त्याला मिळालं होतं. सिग्नलला थांबला की शेजारच्या गाड्यांमधली माणसं आपापल्या काचांमागे ओठ हलवताना दिसत, फोनवर, एकमेकांशी, गाण्याबरोबर. मग एका सकाळी त्याच्या बाजूच्या काचेचं हँडल हातात निघून आलं आणि काच अर्ध्यावर अडकली. गार वारा कानात घुसू लागला. त्याला जो आनंद झाला तो बघून तो स्वतःच थक्क झाला. त्याने गाडी कडेला लावली, फोन काढला, तिचा नंबर समोर आणला. तीच म्हणाली होती, काही लागलं तर. खोडी मला माहीत आहेत. कारण इतकं चोख होतं की त्याला ते खर्च करवेना. हँडलविषयी ती दोन मिनिटं बोलेल, नीट, मदत करण्याच्या आवाजात, आणि मग हँडलविषयीचं बोलणं संपेल. आणि ज्याने दोनदा टेप काढली त्याने आता हँडल पुढे करायचं? त्याने फोन खिशात टाकला. मेकॅनिकने दोन दिवसांत कुठून तरी हँडल आणलं, कापलेल्या एका गाडीचं, रंगाने थोडं वेगळं. काच पुन्हा वर गेली.

रविवारी ताईचा फोन आला. "काय रे, गाडी कुरकुर करते का?"

"नाही, मस्त चालतेय."

"मग तोंड का पडलंय?"

"तुला फोनवर तोंड दिसतं?"

"तुझं दिसतं," ताई म्हणाली. "लहानपणापासून दिसतं." नंतर तिच्याकडे कोणी तरी पडलं, रडारड झाली, आणि "थांब हं" म्हणून ती गेली ती परत आलीच नाही. फोन चालूच राहिला. दूरच्या त्या घरातले आवाज त्याने बराच वेळ ऐकले. खुर्ची सरकली, कोणीतरी कोणाला ओरडलं, कोणीतरी समजूत घातली. मग त्याने तो बंद केला.

तो उठून खाली गेला आणि गाडीत बसला. किल्ली लावली नाही. इमारतीसमोरच्या अंगणासारख्या मोकळ्या जागेत दोन मुली दोरीवर उड्या मारत होत्या, एक भिंत अर्धी रंगवून सोडून दिली होती. आपण काय सांगणार आहोत याची त्याने जुळवाजुळव सुरू केली, आणि दर वेळी ते वाक्य गाडीवर येऊन थांबायचं. मग त्याने जुळवाजुळव सोडून दिली आणि नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला. ठेवून द्यावा असं वाटलं तेव्हा तो उचलला गेला.

"काय बिघडलं?" ती म्हणाली. तिने नाव विचारलं नाही.

"काही नाही," तो म्हणाला. "काहीच बिघडलेलं नाही. गाडी बरी आहे."

त्याला वाटलं, आता ती बरं म्हणेल, आणि बरं म्हटल्यावर ठेवायचाच असतो. तिने बरं म्हटलं नाही. नळ वाहत असल्याचा आवाज येत होता, भांड्यावर भांडं ठेवल्याचा. आतून एक म्हातारा, खणखणीत आवाज विचारत होता, कोण आहे गं? तिने तोंड फोनपासून दूर नेऊन काहीतरी उत्तर दिलं; ते त्याला ऐकू आलं नाही. मग ती पुन्हा जवळ आली. "माझे हात ओले आहेत," ती म्हणाली. "भांडी घासतेय. तुम्ही ठेवू नका."

तिने फोन कुठेतरी, बहुधा ओट्यावर, ठेवला. पाणी पुन्हा वाहू लागलं. तो स्टिअरिंगवर हात ठेवून, फोन कानाला लावून बसून राहिला.